उणे ओळींचा हिशेब

मार्चअखेर आली की हिंजवडीपासून खराडीपर्यंत हजारो माणसं एकाच धाटणीचा फॉर्म भरतात. वर्षभरात काय केलंत? किती फीचर दिलीत, किती टिकेटं बंद केलीत, क्लायंटकडून कौतुकाचे मेल किती आले? आमच्या टीममधल्या एका मुलीने यंदा त्यात लिहिलं, की बिलिंगच्या टूलमधून मी ३,८०० ओळी काढल्या, २७ फ्लॅग (टूल चालवताना द्यायचे पर्याय) बंद केले आणि बिलांच्या आकड्यांत एका पैशाचाही फरक पडला नाही. मीटिंगमध्ये तिला प्रश्न आला, ‘ते ठीक आहे, पण नवीन काय केलंस?’ ती गप्प बसली. मी तिच्या बाजूने बोललो, बराच वेळ बोललो. समोरच्यांना ते पटलंही. पण फॉर्ममध्ये काढलेल्या ओळींसाठी रकाना नव्हता, आणि तिचं सात आठवड्यांचं काम शेवटी ‘इतर’मध्ये गेलं.

गेली २१ वर्षं मी पुण्यात हेच काम करतो आहे, दुसऱ्यांनी लिहिलेला कोड चालू ठेवण्याचं. या शहरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांपैकी कितीतरी जणांची रोजीरोटी याच कामावर चालते. नव्या उत्पादनांच्या गोष्टी वर्तमानपत्रात येतात. आठ-दहा वर्षं जुना कोड रोज रात्री न अडखळता चालवणाऱ्यांची गोष्ट येत नाही. माझं म्हणणं असं आहे, की कोडमधला गुंता कमी करणं हे स्वतंत्र काम आहे. ते मोजता येतं, त्याला वेळ आणि पैसे देता येतात, आणि ते दिलेच पाहिजेत. आपण ते देत नाही, म्हणून त्याची किंमत दुसरेच कुणी तरी मोजतात. ज्यांनी आपल्या कंपनीचं नावही ऐकलेलं नसतं असे लोक.

हे मी कमांड-लाइन टूलबद्दल मुद्दाम बोलतो आहे. काळ्या खिडकीत टाइप करून चालवायचे प्रोग्रॅम म्हणजे जुना जमाना, असं बाहेरच्यांना वाटतं. पण तुमच्या मोबाइलवरच्या देखण्या ॲपमागे असेच बिनचेहऱ्याचे प्रोग्रॅम राबत असतात. महिन्याची बिलं, पगाराच्या फाइली, परीक्षांचे निकाल, बॅकअप, बँकांमधला ताळमेळ. रात्री एक-दोनच्या सुमाराला क्रॉन नावाचा, ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम त्यांना उठवतो, ते आपलं काम करतात आणि झोपतात. ॲपमधलं एखादं बटण दोन मिलिमीटर सरकलं तरी तीन बैठका होतात. या टूलना स्क्रीनच नाही, त्यामुळे त्यांच्यात साचत गेलेली अडगळ कुणाच्या नजरेस पडत नाही.

आमचं बिलिंगचं टूल बारा वर्षांपूर्वी एकाने लिहिलं, तेव्हा त्याला फक्त महिना सांगावा लागायचा. महिना द्या, बिलं तयार. मग एका शाखेला बिलं दोन दिवस आधी हवी झाली, तेव्हा पहिला फ्लॅग आला. २०१७च्या जुलैत जीएसटी आला आणि जुन्या-नव्या कराची बिलं एकाच वेळी काढावी लागली, तेव्हा चार आले. ईमेल न पाठवता नुसती फाइल काढायला एक, फक्त अडलेली बिलं पुन्हा काढायला एक, आणि ‘आता विचारू नकोस, पुढे जा’ म्हणून ‘--फोर्स’. प्रत्येक फ्लॅगमागे खरी अडचण होती, आणि तो घालायला जेमतेम अर्धा दिवस लागायचा. मधल्या काळात माणसं बदलली. तीनदा केटी (जुन्याने नव्याला काम समजावून देणं) झाली, आणि तिन्ही केटींमध्ये ‘हे कसं चालवायचं’ एवढंच सांगितलं गेलं; ‘हे असं का आहे’ हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. शेवटी टूलला ४१ फ्लॅग होते आणि मुख्य फंक्शन, म्हणजे कोडचा एक सलग तुकडा, चौदाशे ओळींचं झालं होतं.

दीड वर्षापूर्वी महिन्याच्या एक तारखेला, रात्री सव्वादोनला मला फोन आला. ऑन-कॉलवरचा, म्हणजे रात्री बिघाड झाला तर बघणारा मुलगा वारज्यातल्या त्याच्या फ्लॅटवर एकटा होता. ‘सर, गडबड झालीय. बिलं परत जातायत.’ काही बिलं अडली होती, म्हणून त्याने सूचनांच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे ‘फक्त अडलेली’ आणि ‘--फोर्स’ हे दोन फ्लॅग एकत्र दिले होते. ‘--फोर्स’ म्हणजे प्रश्न न विचारता पुढे जा, असं तो समजत होता. मीही तेच समजत होतो. पण कोडमध्ये आठशे ओळी खाली कुणीतरी त्याच फ्लॅगला आणखी एक काम लावून ठेवलं होतं: बिल आधी गेलं आहे की नाही, हे तपासू नकोस. हजारो लोकांना तेच बिल दुसऱ्यांदा गेलं. ज्यांच्या खात्यातून पैसे आपोआप वळते होतात, त्यांच्यातल्या काहींचे दोनदा वळते झाले. दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनवर एका आजोबांचं बोलणं मी स्वतः ऐकलं. पेन्शन नुकतीच जमा झाली होती, दोन बिलांत ती गेली, आणि औषधं आणायची राहिली होती. त्यांचे पैसे परत मिळायला नऊ दिवस लागले.

चौकशीच्या अहवालात कारण लिहिलं गेलं, ‘ह्युमन एरर’. त्यावर सही करायला मी नकार दिला. त्या मुलाने कागदावर लिहिलं होतं तेच केलं होतं. रात्री सव्वादोनला, झोपेतून उठून, चौदाशे ओळींचं फंक्शन वाचून दोन फ्लॅग एकत्र आल्यावर काय होईल हे ओळखणं कुणाला जमणार होतं?

इथे थोडं गणित करून पाहिलंच पाहिजे. हो किंवा नाही असे दहा फ्लॅग असतील, तर ते १,०२४ प्रकारे एकत्र येऊ शकतात. वीस असतील तर १०,४८,५७६ प्रकारे. तीस झाले की आकडा १०७ कोटींच्या वर जातो. आमचे ४१ होते. त्यातले बहुतेक प्रकार कुणी कधी वापरणार नाही हे खरं, पण कोणते वापरले जाणार हे आधी कुणाला माहीत असतं? टेस्ट लिहिणारा माणूस शंभर लिहील, दोनशे लिहील. उरलेल्या सगळ्या शक्यता प्रॉडक्शनमध्ये, खऱ्या लोकांच्या खात्यांवर तपासल्या जातात.

ही काही आमच्या एका टूलची कथा नव्हे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत फाइलची नक्कल करणाऱ्या ‘सीपी’ला एकही पर्याय, म्हणजे फ्लॅग, नव्हता, आणि फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ला ११ होते. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या आजच्या ‘एलएस’ला साठच्या आसपास आहेत, फाइलींचा गठ्ठा बांधणाऱ्या ‘टार’ला शंभराहून जास्त. इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या टूलच्या, १९९८च्या मार्चमध्ये ‘कर्ल’ या नावाने आलेल्या पहिल्या आवृत्तीला २४ पर्याय होते, आता अडीचशेच्या वर गेले. सॉफ्टवेअरच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या मेयर लेहमन यांनी १९७४ सालीच सांगून ठेवलं होतं, की वापरात असलेला प्रोग्रॅम बदलत राहतो आणि मुद्दाम श्रम घेतल्याशिवाय त्याचा गुंता वाढतच जातो. ‘मुद्दाम श्रम’ हे त्यातले कळीचे शब्द. कर्लचं उदाहरण मी दिलं ते दोष दाखवायला नव्हे. एवढे पर्याय असूनही कर्लचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग आणि त्यांचे सहकारी आपल्या कोडच्या गुंत्याची मोजदाद करतात आणि तिचे आलेख कुणालाही पाहता येतील असे जाहीर ठेवतात. पर्याय वाढू देणं आणि त्याबरोबर आतला गुंता वाढू देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुंता मोजायचा कसा, याचं एक जुनं उत्तर थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली दिलं. फंक्शनमध्ये जेवढे निर्णय, म्हणजे जेवढे ‘जर’, जेवढी आवर्तनं, जेवढे ‘आणि’-‘किंवा’, तेवढ्यांची बेरीज आणि त्यात एक. आकडा दहाच्या वर गेला की थांबा, फंक्शन तोडता येतं का ते बघा, असं त्यांचं सांगणं. आमच्या चौदाशे ओळींच्या फंक्शनचा आकडा २००च्या वर होता. तो काढायला एका फुकट साधनाला दोन सेकंद लागले. बारा वर्षांत ते कुणीच चालवलं नव्हतं, मीही नाही.

तरी या आकड्याची पूजा करायला माझा विरोध आहे. आकडा दहाच्या आत ठेवायचा म्हणून एका फंक्शनचे बारा तुकडे केलेले मी पाहिले आहेत. ते बाराही तुकडे एकाच जागतिक (कोडमध्ये कुठूनही बदलता येणाऱ्या) व्हेरिएबलला हात घालत होते, आणि त्यांची नावं ‘प्रोसेस१’, ‘प्रोसेस२’ अशी होती. मोजणारं साधन खूश, वाचणारा रडकुंडीला. उलट वीस उपकमांडपैकी कोणती चालवायची एवढंच ठरवणारं एक लांबलचक फंक्शन आकड्याने वाईट दिसतं, पण पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही एका नजरेत कळतं. आकडा ताप सांगतो. दुखणं कुठे आहे ते माणसानेच शोधायचं.

जगात घडलेल्या मोठ्या घटना पाहिल्या तर असंच दिसतं. २८ फेब्रुवारी २०१७ला ॲमेझॉनच्या एस-थ्री या डेटा साठवणाऱ्या सेवेत एका इंजिनिअरने ठरलेल्या पद्धतीनुसार काही थोडे सर्व्हर काढायची कमांड दिली. त्यात एक इनपुट चुकलं आणि हवे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. चार तास इंटरनेटचा मोठा भाग लंगडत होता. कंपनीने नंतर जे निवेदन काढलं ते प्रत्येक टीम लीडने वाचावं असं आहे. त्यांनी टूल बदललं: आता ते सर्व्हर सावकाश काढतं आणि ठरलेल्या किमान संख्येच्या खाली जाऊ देत नाही. आमच्याकडे असं झालं असतं तर त्या इंजिनिअरला वॉर्निंग लेटर गेलं असतं आणि टूल तसंच राहिलं असतं.

२०१५च्या जानेवारीत लिनक्सवरच्या ‘स्टीम’ या गेमच्या ॲपमधल्या एका शेल स्क्रिप्टने (कमांडच्या यादीने) वापरणाऱ्यांच्या फाइली पुसल्या. एक व्हेरिएबल रिकामं आलं, आणि त्याच्यापुढे ‘आरएम -आरएफ’ ही न विचारता सगळं पुसणारी कमांड असल्यामुळे पुसणं थेट मुळापासून सुरू झालं. त्या ओळीच्या वरच कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्यासाठीची टीप होती, ‘भीतीदायक!’ म्हणजे लिहिणाऱ्याला धोका दिसला होता. त्याने तो टिपलाही. पण थांबून दुरुस्त केला नाही. असे कॉमेंट मी स्वतः कितीतरी वाचले आहेत, आणि ते लिहिणारी माणसं निष्काळजी नव्हती. त्यांच्याकडे त्या दुपारी दुरुस्तीसाठी तास नव्हता, कारण तो कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता.

आणि नाइट कॅपिटल, शेअर बाजारात व्यवहार करणारी अमेरिकी कंपनी. १ ऑगस्ट २०१२, पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. अनेक वर्षं वापरात नसलेला कोड त्यांनी काढला नव्हता, आणि त्या मेलेल्या कोडला जागं करणारा जुना फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नाही. तिथे तो फ्लॅग लागताच जुनं भूत उठलं. फ्लॅगचा अर्थ दोनदा ठरवला गेला, आमच्या ‘--फोर्स’सारखाच. फरक रकमेचा.

गुंत्याचा आणखी एक धोका २०२४च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’च्या प्रकरणात दिसला. फाइली दाबून लहान करणाऱ्या या साध्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट घातली होती, आणि ती कुठे लपवली होती? टेस्टसाठीच्या बायनरी फाइलींत आणि बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे जिथे कुणी वाचत नाही तिथे. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएचने (दूरच्या मशीनवर शिरायच्या साधनाने) लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्याने पाठपुरावा केला, म्हणून ती सापडली. जो कोड कुणालाच वाचता येत नाही, त्यात चोर शिरला तरी कळत नाही.

पुण्यात बसून हे लिहिताना मला कात्रजचा नळ आठवतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणलं गेलं आणि हौदाहौदांतून लोकांना मिळालं. साततोटी, फडके हौद ही नावं आपण रिक्षावाल्याला आजही सांगतो. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. आतली हवा आणि दाब मोकळा व्हायचा, आणि माणसाला खाली उतरून नळ तपासता यायचा, गाळ काढता यायचा. गाळ साचणारच हे बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि तो काढायची वाट नळाबरोबरच बांधली होती. योगायोग असा, की १९७३ साली डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहातून युनिक्समध्ये जी सोय आली तिचं नावही ‘पाइप’च: छोट्या, एकेकच काम नीट करणाऱ्या प्रोग्रॅमना जोडणारा नळ. प्रत्येक सांध्यावर डोकावून पाहता येतं, आतून काय वाहतंय ते तपासता येतं. आमच्या चौदाशे ओळींच्या फंक्शनला एकही उच्छ्वास नव्हता. एका टोकाला महिना टाकायचा, दुसऱ्या टोकाला बिलं ग्राहकाच्या हातात. मधे काय चाललंय ते पाहायला जागाच नाही.

त्या मुलीने काय केलं ते आता सविस्तर सांगतो, कारण ‘रिफॅक्टरिंग’, म्हणजे काम तेच ठेवून आतला कोड सुटसुटीत करणं, या शब्दाने लोकांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही.

पहिले दोन आठवडे तिने कोडला हात लावला नाही. मागच्या तीन वर्षांच्या ३६ महिन्यांचा डेटा घेतला, त्यातली नावं आणि खातेक्रमांक बदलले, आणि जुन्या टूलने काढलेली बिलं जशीच्या तशी साठवून ठेवली. यापुढे कोणताही बदल केला, की ३६ महिने पुन्हा चालवायचे आणि शब्दन्‌शब्द ताडून पाहायचं. मग तिने क्रॉनच्या याद्या आणि वर्षभराचे लॉग (टूलच्या कामाच्या नोंदी) चाळून कोणता फ्लॅग कितीदा वापरला गेला ते मोजलं. १६ फ्लॅग एकदाही वापरले गेले नव्हते. त्यातले चार २०१७च्या करबदलाशी संबंधित होते आणि त्यांचं काम कधीच संपलेलं होतं. ११ फ्लॅग खरं तर एकाच निर्णयाची वेगवेगळी रूपं होती. त्यांच्या जागी तीन उपकमांड आल्या: काढ, तपास, पाठव.

त्यानंतर वेशीवरची तपासणी. जुन्या कोडमध्ये फ्लॅग कुठेही वाचले जायचे, हिशेबाच्या गाभ्यातसुद्धा. तिने सगळं वेशीवर आणलं: काय मागितलंय ते एकदाच वाचायचं, विसंगत असेल तर तिथेच नाही म्हणायचं, आणि आत फक्त स्वच्छ माहिती सोडायची. बिल किती होतं हे ठरवणाऱ्या फंक्शनला आता ईमेल, फाइल, फ्लॅग यातलं काहीच ठाऊक नाही. महिना आणि नोंदी घेतं, रक्कम देतं. त्याची टेस्ट चहा प्यायच्या आत लिहून होते. आणि ‘पाठव’ असं स्पष्ट सांगितल्याशिवाय टूल कुणाला काहीही पाठवत नाही. नुसतं किती बिलं, कुणाला, किती रकमेची जातील ते दाखवतं. ही एक सोय त्या रात्री असती, तर हे सगळं घडलं नसतं.

एक बारीक गोष्ट तिला अशी सापडली की मी खुर्चीतून उठलोच. क्रॉनच्या ओळीत टूलचा आउटपुट ‘टी’ या, तो फाइलीत उतरवून पुढे सोडणाऱ्या कमांडमधून लॉगमध्ये जात होता. कमांड चालवणाऱ्या ‘बॅश’मध्ये अशा साखळीचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. टूल मधेच पडलं तरी ‘टी’ नीट संपायची, शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’, परत यायचं, आणि मॉनिटरिंगच्या पाटीवर हिरवा दिवा लागायचा. किती वर्षं तो हिरवा दिवा खोटा होता? ‘पाइपफेल’ ही एक सेटिंग चालू केल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन रात्री लाल दिवा लागला. दोन्ही अडचणी जुन्या होत्या. आधी त्या ग्राहकांच्या तक्रारींतून कळायच्या.

यावर आक्षेप येतात, आणि त्यातले काही वजनदार आहेत. सगळ्यात जुना म्हणजे ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ या प्रश्नामागची भीती मी मानतो. कमांड-लाइन टूलचा प्रत्येक फ्लॅग म्हणजे कुणाला तरी दिलेलं वचन असतं. आपण तो काढला, की नाशिकच्या शाखेतली कुणाची तरी स्क्रिप्ट पहाटे मोडते. म्हणून वचन मोडायची रीत असते: आधी मोजा, मग फ्लॅग वापरणाऱ्याला एरर आउटपुटवर सूचना द्या, तीन महिने थांबा, आणि मगच काढा. तिने हे सगळं केलं. एका फ्लॅगसाठी खरंच एक माणूस पुढे आला, आणि तो फ्लॅग राहिला. हात लावू नये असं म्हणणारे विसरतात, की हात रोज लागतच असतो. दर महिन्याला नवी अट येते आणि त्याच चौदाशे ओळींत कुठेतरी कोंबली जाते. प्रश्न फक्त पाहून लावायचा की डोळे मिटून, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. क्लायंट नव्या फीचरचे पैसे देतो, आवराआवरीचे देत नाही. यातली अडचण मला खरोखर मोठी वाटते, कारण तासावर बिल लावणाऱ्या धंद्यात गुंतागुंतीचा कोड हा उत्पन्नाचा झरा ठरतो. जे काम दोन दिवसांत व्हायचं त्याला आठ दिवस लागतात आणि आठ दिवसांचं बिल जातं. हे कुणी ठरवून करतं असं मी म्हणत नाही. पण ते बदलायची घाईही कुणाला नसते. म्हणून हा प्रश्न एकेका इंजिनिअरच्या सचोटीवर सोडून चालणार नाही. तो करारात आला पाहिजे. प्रत्येक रिलीजमधला ठरावीक हिस्सा आवराआवरीचा, आणि तो नोंदवून, दाखवून. कार घेताना सर्व्हिसिंगचा खर्च वेगळा असतो हे क्लायंटला समजतं. हेही समजेल, आपण स्वच्छ शब्दांत मांडलं तर.

अलीकडे ऐकू येतं, की आता एआय कोड लिहितो, मग माणसाला वाचता येण्याची काय गरज? माझा अनुभव उलटा आहे. अर्ध्या दिवसात येणारा फ्लॅग आता पाच मिनिटांत येतो. भर घालणं इतकं स्वस्त झालं, की वजा करणाऱ्याची गरज दुपटीने वाढली. रात्री फोन अजून माणसालाच येतो.

हे शिकवलं कुठे जातं, असा विचार केला तर मन खट्टू होतं. दोन वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. एका गटाने तीनशे ओळींचं एक टूल केलं होतं: बसच्या वेळापत्रकाच्या वेड्यावाकड्या फाइली घ्यायच्या, चुका दाखवायच्या, स्वच्छ फाइल द्यायची. प्रत्येक चुकीला ओळीचा क्रमांक, नेमका संदेश, वेगळा एक्झिट कोड (टूल संपताना देतं तो निकालाचा आकडा). ४० टेस्ट. एवढं नेटकं काम मी अनुभवी लोकांकडूनही क्वचित पाहिलं होतं. सोबतच्या सरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘यात यूआय कुठे आहे?’ म्हणजे स्क्रीन, बटणं; आणि दुसरा, ‘एवढंच?’ शेजारच्या गटाचा रिपोर्ट १४० पानांचा होता, त्याला जास्त मार्क मिळाले. त्या मुलांना त्या दिवशी जे शिकवलं गेलं, ते पुसायला कंपनीत आल्यावर पाच वर्षं लागतात. काहींच्या बाबतीत ते पुसलं जातच नाही. आणि ज्ञानाची वानवा या शहरात कधीच नव्हती. टीसीएसची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ पासून पुण्यात आहे, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा तिच्या अभ्यासाचाच विषय. अभ्यास हाकेच्या अंतरावर असून तो वर्गात उतरत नसेल, तर दोष मार्क देणाऱ्या पद्धतीचा आहे.

सार्वजनिक पैशांतून जे सॉफ्टवेअर विकत घेतलं जातं, तिथे तर हा आग्रह नागरिक म्हणून आपणच धरायला हवा. घरपट्टी, पाणीपट्टी, निकाल, शिष्यवृत्त्या. रस्त्याच्या निविदेत डांबराचा थर किती इंचांचा हे लिहिलेलं असतं आणि त्यावर आपण भांडतो. सॉफ्टवेअरच्या निविदेत मात्र फीचरांची यादीच तेवढी वाचली जाते. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं, आणि सरकारी ॲप्लिकेशनचा कोड खुला करून एकत्र काम करण्याचंही. त्या दिशेने एक पाऊल पुढे जाऊन मला एवढंच हवं आहे: कोड ताब्यात देताना टेस्टसह द्या, गुंत्याचा आकडा मोजून द्या, आणि तिसऱ्याच कंपनीतला एखादा इंजिनिअर आठवडाभरात त्यात एक छोटा बदल करून दाखवू शकतो का, ही चाचणी घ्या. ती झाली नाही तर शेवटचा हप्ता देऊ नका. या एका अटीने जेवढं साधेल, तेवढं दहा प्रशिक्षण शिबिरांनी साधणार नाही.

आमच्याकडे आता सगळ्यात लांब फंक्शन ६० ओळींचं आहे. वारज्याचा तो मुलगा अजून टीममध्ये आहे, आणि ऑन-कॉलच्या सूचनांचा नऊ पानांचा कागद त्याने स्वतः दीड पानावर आणला. मी एचआरला लेखी कळवलं आहे, की पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा: काय काढलं, आणि ते काढल्यावर काही बिघडलं नाही याचा पुरावा. उत्तर अजून आलेलं नाही. ताळमेळाच्या टूलला ३३ फ्लॅग आहेत. तिने सोमवारी त्याचे जुने महिने साठवायला घेतले.